युती कोणाची टिकेल? विज्ञानकथांतील फौजांविषयी एका रसद अधिकाऱ्याचे उत्तर

नेरूळच्या आमच्या सोसायटीतील पाच-सहा महाविद्यालयीन मुले दर रविवारी दुपारी क्लबहाऊसच्या टेबलावर नकाशा पसरून युद्धाचा खेळ खेळतात, आणि वाद मिटेनासा झाला की सैन्यातून निवृत्त झालेला शेजारी म्हणून मला खाली बोलावतात. गेल्या महिन्यात त्यांनी प्रश्न कागदावर लिहूनच दिला: "काका, विज्ञानकथांतील कोणतीही दोन सैन्ये मित्र म्हणून एकत्र लढवायची ठरवली, तर सर्वांत चांगली लढणारी जोडी कोणती? अट एकच, दोन्ही सैन्ये वेगवेगळ्या कथाविश्वांतील हवीत." त्यांची स्वतःची पसंतीही खाली लिहिलेली होती: 'वॉरहॅमर ४०,०००' या युद्धखेळातील चिलखती महायोद्धे स्पेस मरीन आणि 'स्टार वॉर्स'मधील एकाच माणसाच्या प्रतिकृतींची क्लोन सेना. तोंडी उत्तर दिले असते तर नवा वाद उभा राहिला असता, म्हणून सविस्तर लिहून देत आहे.

माझी निवड आधीच सांगून टाकतो. 'ड्यून' या कादंबरीतील वाळवंटी लढवय्ये फ्रेमेन आणि 'स्टार ट्रेक' मालिकांतील अंतराळ आरमार स्टारफ्लीट ही माझी जोडी आहे. मुलांच्या जोडीला मी शेवटून दुसरा क्रमांक देईन.

मी चोवीस वर्षे लष्कराच्या पुरवठा विभागात काढली. त्यामुळे तोफ दिसली की माझी नजर आधी तिच्या मागच्या ट्रककडे जाते. हा पूर्वग्रह आहे हे मला मान्य आहे, परंतु दोन सैन्ये एकत्र आली की आधी काय मोडते, हे त्याच ट्रकपाशी उभे राहिल्यावर दिसते. एका मित्रदेशाच्या तुकडीबरोबर आमचा संयुक्त सराव होता. योजना उत्तम, नकाशे चकचकीत, दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांना नावाने हाक मारण्याइतके रुळलेले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या गाड्या आमच्या इंधनाच्या बाउझरपाशी रांगेत लागल्या, तेव्हा लक्षात आले की आमच्या नळीच्या तोंडाचे आटे त्यांच्या टाकीच्या तोंडाला बसत नाहीत. फरक बोटाच्या पेराएवढाही नव्हता. मग जेरीकॅन आले, लंगरातून पत्र्याचे नरसाळे आले, आणि ज्या कामाला पाऊण तास धरला होता त्यात दुपारचा दीड वाजला. "हल्ला" अर्थातच आमच्यावाचून पार पडला.

निवृत्तीनंतर उलवे-उरणकडे जाताना न्हावा शेव्याच्या कंटेनरांच्या रांगेत अडकलो की मला ती पहाट आठवते. कंटेनर कोणत्याही देशातला आणि कोणत्याही रंगाचा असो, त्याच्या आठही कोपऱ्यांवर तीच लंबगोल भोके असलेला ओतीव लोखंडी ठोकळा असतो. ट्रेलरवरचा ट्विस्ट लॉक त्यात खालून शिरतो, ड्रायव्हर दांडा फिरवतो आणि वीस-पंचवीस टनांचा डबा जागेवर बसतो. चीनचा डबा, ग्रीसचे जहाज, पंजाबचा ड्रायव्हर आणि नवी मुंबईचा ट्रेलर यांना एकमेकांविषयी प्रेम असण्याची काहीही गरज पडत नाही. मित्रसैन्यांकडे असे समान कोपरे किती आहेत, हे मी आधी मोजतो, शौर्य त्यानंतर.

आता पानिपत. मराठी माणसाने युतीविषयी लिहावे आणि पानिपत टाळावे हे शक्य नाही, आणि या प्रश्नाला तर ते नेमके लागू पडते. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांच्या हाताखाली दोन उत्तम सैन्ये होती. एक इब्राहिमखान गारद्याचे, फ्रेंच धर्तीवर कवायत शिकलेले, तोफा आणि बंदुका घेऊन शिस्तीत सरकणारे पायदळ. दुसरे सरदारांचे घोडदळ, ज्याची सारी ताकद वेगात आणि मोकळ्या मैदानात. गारद्यांच्या पद्धतीने गोल बांधून यमुनेच्या रोखाने सरकायचे ठरले. या पद्धतीत घोडेस्वाराने थांबायचे असते, म्हणजे जे त्याच्या हाडीमासी कधीच नव्हते तेच करायचे असते. गारदी रोहिल्यांना मागे रेटत होते, पण शेजारच्या विंचूरकर-गायकवाडांच्या घोडदळाला दम निघाला नाही. ते पुढे घुसले आणि गारद्यांची बगल उघडी पडली. दोन्ही हत्यारे धारदार होती, फक्त एका म्यानात बसणारी नव्हती.

पलीकडे अब्दालीचीही युतीच होती, हे आपण बहुधा विसरतो. अफगाण, रोहिले आणि अयोध्येचा शुजाउद्दौला यांचे आपसांत फारसे सख्य नव्हते. पण हुकूम एकट्या अब्दालीचा चालत होता, धान्य नजीबखानाच्या दुआबातून येत होते, आणि दुपारी ओतायला ताजी राखीव फौज हाताशी ठेवलेली होती. आपल्याकडे सूरजमल जाट लढाईच्या कितीतरी आधी निघून गेला होता. बायकामुले आणि जड सामान मागे ठेवून हलके होऊन लढा, हा त्याचा सल्ला मानला गेला नव्हता. अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि त्यानंतर आपल्याच छावणीत उपासमार सुरू झाली. अखेर आपले लोक उपाशीपोटी लढायला उतरले. तलवारबाजीत कोण सरस होते या प्रश्नाला त्या दिवशी फार अर्थ उरला नव्हता.

या मापाने मुलांची जोडी तोलून पाहू. स्पेस मरीनच्या एका चॅप्टरमध्ये, म्हणजे एका स्वतंत्र पथकात, सुमारे एक हजार योद्धे असतात. एकेक जण शंभरांना भारी असला, तरी पडलेल्या माणसाची जागा भरायला वर्षे जातात. क्लोन सेनेचे नेमके उलट: पहिल्या खेपेलाच दोन लाखांची तयारी आणि आणखी दहा लाख वाटेवर, असा क्लोन बनवणाऱ्या कामिनो ग्रहावरचा हिशेब चित्रपटातच सांगितला जातो. कागदावर ही सांगड देखणी आहे. थोडे अजिंक्य वीर आणि पुष्कळ शिस्तबद्ध शिपाई. परंतु दोघांच्याही सेवापुस्तिकेत एकच लाल शेरा आहे. क्लोन सैनिकांनी 'ऑर्डर ६६' हा गुप्त हुकूम येताच ज्या जेडाय सेनापतींच्या बरोबरीने वर्षानुवर्षे लढले त्यांना पाठीमागून गोळ्या घातल्या, आणि स्पेस मरीनच्या अठरा लीजनांपैकी (सैन्यदळांपैकी) नऊ आपल्याच सम्राटावर उलटल्या. ज्या सैन्यात उघड हुकुमाच्या खाली दुसरा, झाकलेला हुकूम असू शकतो, त्याला मी माझ्या बगलेवर उभे करणार नाही. शिवाय दोघांचा दारूगोळा एकमेकांना निरुपयोगी, आणि मरीनांच्या साम्राज्याचा परक्यांविषयीचा तिरस्कार तर धर्माज्ञेच्या थराला गेलेला. 'वॉरहॅमर'मधूनच घ्यायचे झाले तर मी त्याच साम्राज्याचे साध्या माणसांचे पायदळ, म्हणजे इम्पीरियल गार्ड, घेईन. त्यांच्या लेझर बंदुकीची बॅटरी उन्हात ठेवून चार्ज होते आणि अगदीच अडले तर विस्तवात टाकूनही थोडीफार जान धरते. असे हत्यार माझ्या नोकरीत मिळाले असते तर मी त्याला उदबत्ती ओवाळली असती.

खऱ्या अर्थाने युतीचा अभ्यास करायचा असेल, तर 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' ही १९९३ ते १९९९ या काळातील मालिका पाहावी. तिच्यातील डोमिनियन या परक्या साम्राज्याविरुद्धच्या युद्धात दोन्ही बाजूंना युत्या आहेत आणि त्या दोन्ही बाजूंनी कडकडतात. डोमिनियनचे जेमहदार सैनिक जन्मतःच लढण्यासाठी घडवलेले, झोपेची आणि अन्नाची गरज नसलेले. पण केट्रासेल व्हाइट नावाचे द्रव्य रोज मिळाले नाही तर ते कोसळतात. जेवण लागत नाही म्हणून त्यांच्या सेनापतींनी बढाई मारावी, आणि प्रत्यक्षात साऱ्या सैन्याचा जीव एका कोठारात अडकलेला असावा! स्टारफ्लीटचा कप्तान सिस्को आणि त्याचे सहकारी युद्धाच्या आरंभीच ते कोठार उडवून देतात. माझ्या मते त्या सबंध मालिकेतील सर्वांत शहाणी लष्करी कारवाई तीच आहे.

त्याच डोमिनियनचे मित्र म्हणजे कार्डेशियन. त्यांना बरोबरीचे म्हणून घेतले आणि हळूहळू रयतेसारखे वागवले. पुढे ब्रीन नावाचे नवे मित्र आले, तेव्हा जुन्या मित्राचा प्रदेश परस्पर त्यांना देऊ करण्यापर्यंत मजल गेली. परिणामी दमार हा त्यांचाच नेता बंड करून उठला, आणि अखेरच्या लढाईत कार्डेशियन आरमाराने ऐन वेळी बाजू बदलली. दुसऱ्या बाजूला फेडरेशन (स्टारफ्लीट ज्याचे आरमार आहे ते राज्य), क्लिंगॉन आणि रोम्युलन. रोम्युलनांना युद्धात ओढण्यासाठी सिस्कोने खोट्या पुराव्याचा आधार घेतला, म्हणजे पायाच पोकळ. तरीही ही युती टिकली, आणि टिकण्याचे एक कारण तांत्रिक होते. ब्रीनांच्या शस्त्राने फेडरेशनची आणि रोम्युलनांची जहाजे जागच्या जागी बंद पडू लागली, तेव्हा किरकोळ फेरफार केलेली क्लिंगॉन जहाजे तेवढी त्यातून वाचली, आणि तोड सापडेपर्यंत आघाडी एकट्या क्लिंगॉनांनी धरली. येथे माझ्या नळीच्या गोष्टीला छेद जातो हे मी जाणतो. नळीचे तोंड सारखे हवे, पण इंजिन सारखे नसलेले बरे. कारण सगळी इंजिने एकाच घरातली असली की शत्रूला एकच उपाय शोधावा लागतो. 'स्टार वॉर्स'च्या १९९९ सालच्या चित्रपटात नियंत्रक जहाज फुटताच मैदानावरचे सारे यंत्रसैनिक एकाच क्षणी माना टाकतात, ते याचेच टोक आहे.

उरलेल्या काही नावांचा निकाल थोडक्यात लावतो. 'स्टार ट्रेक'मधील बोर्ग, म्हणजे पकडलेल्याला आपल्यासारखेच अर्धयंत्र बनवणारे लोक, कोणाचे मित्र होऊच शकत नाहीत. त्यांच्याशी तह करणारा दुसऱ्या दिवशी त्यांच्यातच जमा होतो. 'हेलो' या व्हिडिओ गेममधील परग्रहवासीयांची कॉव्हेनंट ही युती म्हणून प्रचंड होती, पण मानाची राखणदारी एलिट योद्ध्यांकडून काढून ब्रूटांना दिल्याबरोबर ती फुटली, आणि दुखावलेले एलिट पुढे माणसांच्या बाजूने लढले. मानापमान हा आपल्याकडेही जरीपटक्याइतका जुना विषय आहे. 'द फॉरएव्हर वॉर' या १९७४ सालच्या कादंबरीतील सैनिक प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास करतात, त्यामुळे ते काही महिने घालवून परततात तोवर घरी दशके किंवा शतके उलटलेली असतात. ज्याचे घड्याळ आपल्याशी जुळत नाही त्याला पहाटे चारच्या हल्ल्यात सामील करून घेणे व्यर्थ आहे. हाइनलाइनच्या १९५९ सालच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मधील चिलखती पायदळ मला मनापासून आवडते. तेथे स्वयंपाक्यापासून धर्मगुरूपर्यंत प्रत्येक जण रणात उतरतो. शत्रूच्या बाजूला असलेल्या 'स्किनी' लोकांवर धाडी घालून त्यांना आपल्या बाजूला आणण्याचे राजकारणही त्यांना जमते. पण ते चिलखत दुरुस्त करणारा कारखाना सोबत न्यावा लागतो, आणि मित्राच्या खांद्यावर ते ओझे टाकावेसे मला वाटत नाही. 'वॉरहॅमर'मधील ताऊ हे परग्रहवासी मात्र एका ओळीपेक्षा जास्त मानाचे धनी आहेत. हातघाईत आपण कच्चे आहोत हे ओळखून ते क्रूट लोकांना सोबत घेतात, आणि भाषा जुळत नाही म्हणून व्हेस्पिडांच्या नायकाला खास शिरस्त्राण देतात. प्रश्नात वेगवेगळ्या विश्वांची अट नसती, तर मी त्यांचाच विचार केला असता.

फ्रेमेन आणि स्टारफ्लीटकडे येण्यापूर्वी एक खरे उदाहरण देतो. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी भारतीय सैन्य आणि मुक्तिवाहिनी यांची संयुक्त कमान उभी राहिली. एकाकडे तोफखाना, विमाने, पूल बांधणारे अभियंते आणि रसदेची साखळी होती. दुसऱ्याकडे प्रत्येक खाडी, प्रत्येक पायवाट आणि गावातला प्रत्येक विश्वासू माणूस ठाऊक असलेली पोरे होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आशुगंजचा पूल शत्रूने उडवल्यावर जनरल सगतसिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांनी जवान मेघनापार उतरवले, आणि माणसे व सामान पलीकडे नेण्यासाठी स्थानिक लोकांच्या होड्याही लागल्या. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली ती या संयुक्त कमानीपुढे. याच्या उलट चित्र १९४२ साली दिसते. अमेरिकन, ब्रिटिश, डच आणि ऑस्ट्रेलियन युद्धनौका २७ फेब्रुवारीला जावाच्या समुद्रात डच अॅडमिरल डोरमन यांच्या हाताखाली एकत्र लढल्या. या नौकांनी एकत्र सराव असा केलाच नव्हता, संकेतांची पद्धत एक नव्हती, आणि हुकूम एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाईपर्यंत लढाई पुढे सरकत होती. रात्र उलटण्याआधी दोन्ही डच क्रूझर आणि स्वतः डोरमन समुद्राच्या तळाशी गेले.

माझी जोडी या पहिल्या प्रकारची आहे. फ्रेमेन कमीत कमी पाण्यावर जगतात, स्टिलसूटमुळे स्वतःच्या घामाचा थेंबही परत वापरतात, रेतीत अदृश्य होतात आणि बादशहाच्या सार्दौकार या निवडक फौजेलाही हातघाईत भारी पडतात. त्यांची उणीव एकच, पण मोठी आहे: आकाश त्यांचे नाही. ग्रहांमधली सारी वाहतूक स्पेसिंग गिल्ड या वाहतूकदारांच्या संघाच्या मुठीत, आणि आपल्या वाळवंटावर कोणाचा उपग्रह फिरू नये म्हणून फ्रेमेनांना गिल्डला मसाल्याची (त्यांच्याच ग्रहावर मिळणाऱ्या मौल्यवान द्रव्याची) लाच चारावी लागते. स्टारफ्लीटचे गणित याच्या बरोबर उलटे आहे. जहाजे, माणसे-सामान क्षणात दुसरीकडे पोहोचवणारे ट्रान्सपोर्टर, भाषांतर यंत्र, आणि अन्नापासून सुट्या भागांपर्यंत बरेच काही जागच्या जागी बनवणारे रेप्लिकेटर त्यांच्याकडे आहेत, म्हणजे रसदेचा जवळपास स्वर्गच. पण जमिनीवर चिवटपणे लढणारे पायदळ नाही. 'डीप स्पेस नाइन'मध्येच एआर-५५८ नावाच्या खडकावर स्टारफ्लीटची तुकडी पाच महिने कुमकेवाचून कशी झिजते ते दाखवले आहे. तो भाग पाहताना मला सतत वाटत होते की तेथे वीस फ्रेमेन असते तर रात्रीची गस्त जेमहदारांनी घातली नसती.

आटे जुळतात का, हे पाहिलेच पाहिजे. फ्रेमेनांचे मुख्य हत्यार सुरी, तेव्हा दारूगोळ्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. संपर्काच्या बाबतीत फ्रेमेन वटवाघळाच्या आवाजात निरोप साठवून पाठवतात, म्हणजे रेडिओ बंद पडला तरी दुसरी वाट शिल्लक राहते. फ्रेमेनांच्या अराकिस ग्रहावरच्या वादळांत ट्रान्सपोर्टर चालेल असे मी गृहीत धरलेले नाही, त्यामुळे माणसे उतरवण्याचे काम साध्या शटलने व्हावे. कमान मी जमिनीवर फ्रेमेनांकडे आणि कक्षेत स्टारफ्लीटकडे ठेवेन, आणि दोन्ही हद्दी जेथे मिळतात त्या उंचीचा आकडा करारात लिहून घेईन.

या जोडीत धोके आहेत आणि मी ते लपवणार नाही. पहिला, लढाई संपल्यावरचा. फ्रेमेन जिंकले की थांबत नाहीत. कादंबरीच्या पुढच्या कथेत त्यांचे धर्मयुद्ध ताऱ्यांपर्यंत पसरते, आणि ते पसरवणारी जहाजे आपली असावीत हे स्टारफ्लीटला परवडणार नाही. म्हणून जहाजांवर ताबा कोणाचा, हे कलम पहिल्याच पानावर हवे. दुसरा धोका पाण्याचा. रेप्लिकेटरने रोज हंडाभर पाणी दिले तर फ्रेमेन ते आधी पवित्र ठेव म्हणून साठवतील आणि वर्षभरात त्याची सवय लावून घेतील, म्हणजे ज्या चिवटपणासाठी त्यांना सोबत घेतले तोच आपण आपल्या हाताने पातळ करू. पाणी त्यांच्या सरदारांनी मागितले तेवढेच आणि त्यांनी मागितले तेव्हाच द्यावे. इंडेंटशिवाय, म्हणजे लेखी मागणीशिवाय, माल द्यायचा नाही ही शिस्त येथे धर्माइतकी महत्त्वाची आहे.

तिसरा धोका सर्वांत क्षुल्लक दिसतो आणि मला त्याचीच अधिक धास्ती वाटते. 'ड्यून'मध्ये स्टिलगार हा फ्रेमेन सरदार अराकिसचा कारभार नुकताच हाती घेतलेल्या ड्यूकच्या बैठकीत येतो आणि सर्वांसमोर चकचकीत टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसे उसळून उठतात. तेवढ्यात डंकन इडाहो, जो आधी ड्यूकचा दूत म्हणून फ्रेमेनांत राहून आलेला आहे, सर्वांना थांबवतो, त्या ओलाव्याच्या भेटीबद्दल स्टिलगारचे आभार मानतो, आणि स्वतःही थुंकतो. ज्या लोकांत पाण्याचा थेंब प्राणासारखा जपतात त्यांच्यात हा सन्मान आहे. इडाहो त्या खोलीत नसता तर युती त्या टेबलावरच संपली असती, आणि कोणतेही भाषांतर यंत्र तेथे उपयोगी पडले नसते, कारण त्या थुंकण्यात एकही शब्द नव्हता. तुमच्या रविवारच्या पटावर रणगाड्यांच्या, जहाजांच्या आणि सेनापतींच्या सोंगट्या आहेत. संपर्क अधिकाऱ्याची सोंगटी मला कुठे दिसली नाही. पुढच्या रविवारी खेळ मांडण्याआधी दोन्ही बाजूंसाठी तशी एकेक करून ठेवा, मी चहाच्या वेळेला खाली येतो.